०.८ माणूस

'अपेक्षित मृत्यू' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा चरकायलाच झालं. मृत्यूची कोणी अपेक्षा करतं का? पण कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द रोजचा. तो आकडा काढायला चक्क सॉफ्टवेअर आहेत. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं 'एलटीएएस' आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचं 'ऑकमॅप' ही त्यातली ओळखीची नावं.

हिशेब तसा सोपा आहे. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या तारखा भरायच्या. जन्म कधी, कामावर कधी लागला, कधी सोडलं, वारला असेल तर कधी आणि कशाने. जिवंत असलेलेही मोजायचे बरं का! दहा माणसं पाच वर्षं पाहिली की झाली ५० 'व्यक्ती-वर्षं'. प्रोग्रॅम ती वयानुसार, काळानुसार वेगळी करतो आणि त्या वयाच्या, त्या काळातल्या सर्वसाधारण लोकांच्या मृत्युदराने गुणतो. बेरीज केली की अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्ष मृत्यूंना त्याने भागून शंभराने गुणायचं. उत्तर शंभराच्या बरंच वर गेलं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

शंभराच्या खाली आलं म्हणून मात्र हुश्श करायचं नाही. आजारी माणसाला मुळात कामावर घेतच नाहीत, त्यामुळे कामगार इतरांपेक्षा धडधाकट दिसणारच!

असली सॉफ्टवेअर नव्हती तेव्हाही हा हिशेब होत असे. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात वीस वर्षं किंवा जास्त काम केलेले ११३ पुरुष तपासले. फुप्फुसाच्या कॅन्सरने अपेक्षित मृत्यू ०.८. प्रत्यक्षात ११. अपेक्षा अपूर्णांकात येते. मरणारा मात्र पूर्णांकातच मरतो.

पुढे सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांवर १९६७ ते १९७६ अशी दहा वर्षं नजर ठेवली. अपेक्षित मृत्यू सुमारे १,६५९, झाले २,२७१. हे जमलं कशामुळे? कामगारांच्या युनियनकडे सभासदांची नीट यादी होती म्हणून.

माझं मन अडकलं ते या यादीपाशी. आपल्याकडे गुजरातमधल्या क्वार्ट्‌झ दळायच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गेले आणि सिलिकोसिस घेऊन घरी परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितलं. पण 'हा इथे कामाला होता' एवढं सिद्ध करायलाच कागद नव्हते. कार्यकर्त्यांना गावोगाव, घरोघर फिरून नावं गोळा करावी लागली.

सॉफ्टवेअर कितीही हुशार असू दे, ज्याचं नाव मस्टरवर नाही तो त्याच्यासाठी जन्मलाच नाही. तो अपेक्षित मृत्यूंत नाही, प्रत्यक्षातही नाही. भागाकार अगदी बिनचूक येईल, फक्त तो माणूस त्यात नसेल.

म्हणून मला वाटतं, ठेकेदाराच्या त्या मळक्या वहीत नाव, वय, गाव आणि तारीख लिहिणं ही नुसती कारकुनी नाही. उद्या कोणी हिशेब मागायला आलं, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.