खारीचा पाहुणा

भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेला खारी आहे. इमारतींनी गाव वेढून टाकले आहे खरे, पण मे महिन्यात खाडीवरचा वारा अजून ओठांवर मीठ ठेवून जातो. सदरा पाठीला चिकटतो आणि माणूस घामाच्या नावाने बोटे मोडतो. तो घाम हे केवढे भाग्य आहे, हे मला तिथल्या एका कुत्र्याने शिकविले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फिनलंडमधली नोकरी संपवून घरी येताना हे प्रकरण बरोबर आणले. जात फिनिश लॅपहुंड. नाव मात्र आजींनी ठेवलेले, बाळू. उंची दीड फुटाच्या आसपास, शेपटी पाठीवर वळलेली, अंगावर दोन थरांची लोकर: आत मऊ नि दाट, वर लांब नि राठ. उत्तरेकडच्या सामी लोकांचे रेनडियर हाकणे हा यांचा पिढीजात धंदा. १९६० नंतर बर्फावर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि त्यांचे बरेचसे काम गेले.

पण सवय कशी जाणार? बाळूने घरातली माणसे हाच कळप ठरविला. कोणी गच्चीत, कोणी स्वयंपाकघरात, हे त्याला खपत नाही. सारे एका खोलीत येईपर्यंत भुंकतो. भुंकून कळप हाकणे ही त्याची विद्या. शेजाऱ्यांना तिचे मोल नाही. स्वभाव मात्र गरीब. भांडे पडले की टुणकन बाजूला उडतो आणि लगेच परत येऊन काय पडले ते हुंगतो.

मी गेलो त्या दिवशी घरात तंटा चालला होता. आदल्या दुपारी नातवाने त्याला फिरायला नेले आणि बाळू कोपऱ्यावरच आडवा झाला. अंगावर पाणी घालीत डॉक्टरांकडे नेले, म्हणून वाचला.

"सर, तुम्हीच सांगा," आजोबा म्हणाले, "याचे केस उतरवायचे, की थंड हवेच्या गावी कुणाला देऊन टाकायचा?"

मी पडलो मराठीचा मास्तर! पण डॉक्टरांनी विद्यार्थ्याला सगळे समजावले होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना तोंडातली ओल वाळते, तेव्हा तो निवतो. खारीच्या दमट हवेत ती वाळणार कशी? केस काढले तर ऊन थेट कातडीला लागते, आणि लोकर पुन्हा नीट येईलच असे नाही. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा विंचरून सुटलेली लोकर काढावी, पावसात भिजला तर मुळापर्यंत पुसावा. दुपारी गार फरशी, पंखा, पाणी. फिरणे पहाटे, एरवी रस्त्याला तळहात लावून पाहावा, आपल्याला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही.

मला आपल्या धनगरांची कुत्री आठवली. काम तेच, पण अंगरखा माणदेशाच्या उन्हाला बेतलेला. हौसेखातर अशी जात इकडे आणूच नये, असे माझे मत मी विद्यार्थ्याला तोंडावर सांगितले. पण आलेल्याला हाकलायचे कुठे?

"पहाटे पाचाला उठणार कोण?" आजोबांनी विचारले.

"तुम्ही चारापासून जागेच असता की," आजी म्हणाल्या.

मला त्यांनी रात्री ठेवून घेतले. पहाटे आजोबा, मी आणि बाळू निघालो. चहाची टपरी उघडी दिसली म्हणून मी जरा मागे रेंगाळलो. बाळू परत आला, माझ्याभोवती एक फेरी घातली आणि भुंकत भुंकत मला आजोबांच्या शेजारी नेऊन उभे केले.