टाचेचं वजन

पाण्यात उतरलं की टाच दुखायची थांबते. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, छातीइतक्या पाण्यात तिसरा-चौथा. अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत भिंत धरत टाकलेली पहिली पावलं, मग तलावावर शॉवरपासून काठापर्यंतच्या ओल्या, गार फरश्या, अनवाणी. आणि शिडी उतरता उतरता एकाएकी सगळं सुटं, हलकं.

तलाव दादरचा, शिवाजी पार्काजवळचा, महापालिकेचा. सकाळच्या बॅचला शर्यती जिंकायला कुणी येत नाही. इथे प्रत्येकाचा एकेक अवयव असतो आणि त्यावरूनच माणूस ओळखला जातो: गुडघेवाले काका, मणक्याच्या मावशी. मी टाचवाली ताई. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच: "पोहत राहा हो, पायावर भारच येत नाही."

भार येत नाही हे खरं, पण दुखत नाही हे पूर्ण खरं नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलताना पोटरी आणि टाच यांच्यामधला तो जाड टेंडन कळ देतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाऊल वर ओढून बाहेर वळवावं लागतं, तिथेही तो ताणला जातो. फिन्स लावले तर विचारायलाच नको. फ्रीस्टाइलला तेवढा त्रास नाही, कारण तिथे पुढे नेण्याचं बरंचसं काम हातच करतात. म्हणून मांड्यांमध्ये फोमचा पुल-बॉय धरून नुसते हात मारायचे. गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेल्या मला या वयात पुन्हा भोपळाच मिळाला, फक्त जागा बदलली. पण पाय गप्प बसले की खांदे किती आळशी होते ते कळतं. पाणी कोपरापासून मागे ढकलायचं असतं, नुसतं थोपटायचं नसतं, हे मला टाच दुखल्यावर उमगलं.

या टेंडनला अकिलीस या ग्रीक वीराचं नाव आहे. त्याच्या आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवलं तेव्हा टाच तिच्या मुठीत होती, तेवढीच कोरडी, म्हणून दुबळी राहिली. होमरच्या 'इलियड'मध्ये हा प्रसंग नाही. तो खूप नंतरच्या, पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे सापडतो. आपल्याकडे कृष्णालाही जरा नावाच्या व्याधाचा बाण पायालाच लागला. कोरडं राहण्याचा मुद्दा मला मात्र लागू नाही. माझी टाच रोज तासभर भिजते.

तरी ती बरी का होत नाही, याचं एक विलक्षण उत्तर 2013 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी छापलं. 1955 ते 1963 या काळात खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणातला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला होता. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्यांच्या अकिलीस टेंडनमध्ये तो किती आहे हे मोजल्यावर दिसलं, की टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ नवा होतच नाही. मी साठच्या दशकातली. म्हणजे माझ्या टाचेत अजून त्या स्फोटांचा कार्बन असणार, आणि ज्या टेंडनवर मी शाळेत लंगडी घातली, खो-खोत खांब मारले, त्याचा गाभाही तोच. इतक्या जुन्या माणसाला घाई करून चालत नाही.

त्याला आरामही फारसा मानवत नाही, आणि इथेच तलावातला तो प्रेमळ सल्ला उणा पडतो. 1998 साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 15 हौशी धावपटूंना एक साधा व्यायाम दिला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. पंधरा-पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखलं तरी चालेल. सोपं वाटू लागलं की पाठीला ओझं. सगळे पुन्हा धावू लागले. म्हणजे टेंडनला वजन हवं असतं, हळूहळू वाढवलेलं. आणि पाण्यात नेमकं तेच मिळत नाही. माझ्या फिजिओथेरपिस्टने हा व्यायाम देतानाच बजावलं होतं, की दुखणं टाचेच्या हाडाशी असेल तर पायरीच्या खाली जायचं नाही. माझं दोन बोटं वर आहे, म्हणून मला मुभा.

तेव्हापासून सोसायटीच्या जिन्यात, कठडा धरून, पाठीवर जुन्या पुस्तकांची सॅक घेऊन मी टाचा खाली सोडत असते. शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन येतात आणि न चुकता विचारतात, "अहो, नक्की चढताय की उतरताय?"

तलाव सोडलेला नाही. जिन्याने पाय सुधारतो, पण जिन्यात कुणाला सुख होत नाही, आणि दुखणं वर्षानुवर्षांचं असेल तर सुखाचीही सोय बघावी लागते. वळताना मी आता न दुखणाऱ्या डाव्या पायानेच भिंत ढकलते. त्यामुळे जरा तिरकी सुटते आणि लेनच्या दोरीला खांदा घासतो. पुल-बॉय अर्ध्या वेळानंतर काठावर ठेवते आणि घोटा सैल सोडून हलके पाय मारते. ब्रेस्टस्ट्रोक अजून बंद आहे. गुडघेवाल्या काकांना परवा पायरीचं सांगितलं, तर म्हणाले, "छे हो, त्यापेक्षा पोहणं बरं."