कटी सार्क : चहाचं जहाज आणि एका शिक्षेची गोष्ट

लंडनला गेलेले पर्यटक ग्रीनिचला जातात ते शून्य रेखांशावर पाय ठेवून फोटो काढायला. फोटो झाला, की टेकडी उतरून थेम्स नदीच्या काठी या. तीन उंच डोलकाठ्या दिसतील. हेच ‘कटी सार्क’. चीनहून चहा आणण्यासाठी १८६९ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेलं शिडाचं जहाज. १९५४पासून ते इथल्या कोरड्या गोदीत उभं आहे.

जहाजाच्या पोटाखालून फेरफटका

२००७मध्ये जहाजाला मोठी आग लागली. दुरुस्तीनंतर २०१२मध्ये ते पुन्हा खुलं झालं, तेव्हा अख्खं जहाज तीन मीटर वर उचललेलं होतं. त्यामुळे पितळी पत्र्याने मढवलेल्या तळाखालून तुम्ही चक्क चालू शकता. मुलांना ही जागा फार आवडते. वर डेकवर गेलात, की अधिकाऱ्यांची दालनं आणि खलाशांच्या अरुंद झोपायच्या फळ्या, दोन्ही बघा. पुढची गोष्ट या दोन जगांमधली आहे.

१८८०चा तो प्रवास

जहाज कोळसा घेऊन जपानकडे निघालं होतं. जॉन फ्रान्सिस या खलाशाने मेट सिडनी स्मिथचा हुकूम मानला नाही आणि त्याच्यावर लाकडी दांडा उगारला. स्मिथने तोच दांडा हिसकावून त्याच्या डोक्यात घातला. तीन दिवसांनी फ्रान्सिस मेला.

भर समुद्रात हुकूम मोडणं हा गुन्हाच, कारण एकाच्या हट्टापायी सगळ्यांचा जीव जाऊ शकतो. पण कप्तान वॉलेसने जावाजवळ मेटला गुपचूप दुसऱ्या जहाजावर पळून जाऊ दिलं. खलाशी चिडले, त्यांनी काम थांबवलं. वारा पडला, जहाज जागीच खिळलं. मनाने खचलेल्या कप्तानाने समुद्रात उडी घेतली. तो परत सापडला नाही. स्मिथवर १८८२मध्ये लंडनला खटला चालला आणि सदोष मनुष्यवधासाठी ७ वर्षांची शिक्षा झाली. जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट शेअरर’ ही कथा याच घटनेवरून सुचलेली आहे.

आपल्याही घरातली गोष्ट

कोकणात आणि गोव्यात ‘मुलगा बोटीवर असतो’ असं सांगणारी पुष्कळ घरं आहेत. त्यांना हे ठाऊक असेल, की व्यापारी जहाजावर कुणाचा गुन्हा घडला तर कप्तानाने तो लॉगबुकमध्ये लिहायचा, संबंधित खलाशाला वाचून दाखवायचा आणि त्याचं म्हणणंही नोंदवायचं, असा नियम असतो. किनारा कितीही दूर असला तरी खलाशाची बाजू कागदावर येते. फ्रान्सिसला आपली बाजू मांडायला वेळच मिळाला नाही.

कसं जाल?

डॉकलँड्स लाइट रेल्वेचं ‘कटी सार्क’ स्टेशन अगदी जवळ आहे. वेळ असेल तर थेम्सवरून बोटीने या. या जहाजाकडे पाण्यातून येण्याची मजा वेगळीच आहे.