करभरणा आणि अचौर्यव्रत

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी अचौर्याकडे व्यापारी माणसाचे लक्ष सहसा तराजूपुरते जाते. माप पुरे द्यावे, मालात भेसळ करू नये, चोरीचा माल घेऊ नये, एवढे सांभाळले की व्रत पाळले, असा समज असतो. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाच्या जोडीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे. राज्याच्या नियमाविरुद्ध वागून केलेला लाभ हा व्रताला लागलेला डागच होय. जव्हारला १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. तेव्हाचे राज्य राजाचे होते, आजचे लोकांचे आहे. खजिना लोकांचा झाल्यामुळे हा अतिचार हलका झाला नाही, उलट अधिक जवळचा झाला.

जव्हार आणि मोखाडा येथे किराणा व धान्याचा व्यापार करणाऱ्या दोन भावांवर २०२५ च्या मार्च महिन्यात या व्रताच्या परीक्षेचा प्रसंग आला. थोरले बंधू जव्हारच्या पेठेत बसत, धाकटे मोखाड्याचे दुकान पाहत. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला सर्व आगाऊ प्राप्तिकर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरावा लागतो. त्या वर्षी होळी १३ मार्चला होती आणि धुळवड १४ ला. वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली माणसे या दिवसांत पाड्यांवर परततात, म्हणून होळीचा बाजार हा या डोंगराळ मुलखातला वर्षाचा मोठा बाजार असतो. हमालांची मजुरी आणि शेतकऱ्यांच्या वरई-नागलीची राहिलेली बाकी होळीपूर्वी चुकती करायची, हा त्या घराचा वडिलांपासूनचा शिरस्ता होता.

खात्यात ७८,००० रुपये होते. त्यांतील ४२,००० कराचे होते आणि ३४,५०० मजुरी व बाकीचे. १२ मार्चच्या संध्याकाळी थोरल्यांनी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर चलन तयार केले आणि डेबिट कार्डाने भरणा सुरू केला. पासवर्डचा आकडा आला, तो टाकला आणि पडदा गोठला. थोड्या वेळाने खात्यातून ४२,००० वजा झाल्याचा संदेश आला. चलनाची पावती मात्र आली नाही. भरणा इतिहासात पाहिले, तर तिथेही नोंद नव्हती.

पैसे घरातून गेले, पण सरकारात पोहोचले नाहीत. अशा वेळी ‘आपण तर भरले’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण कर भरला याचा पुरावा खात्यातील वजाबाकी नसून चलनाची पावती हा आहे. बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर संकेतांक, भरण्याची तारीख आणि चलनाचा क्रमांक या तिन्ही गोष्टी तिच्यावर उमटल्याखेरीज करदाता ऋणमुक्त होत नाही.

धाकट्यांनी दुसरा मार्ग सुचवला. “दादा, खात्यात छत्तीस हजार आहेत. थोडी उसनवार करून कर पुन्हा भरून टाकू. दोनदा गेला तर परताव्यात मिळेल. हमाल आपलेच आहेत, होळीनंतर दिले तरी थांबतील.”

“ते थांबतील,” थोरले म्हणाले, “पण त्यांची होळी थांबेल का? सरकारला एक टक्का व्याज देऊन उशीर भरून काढता येतो. पोराच्या कपड्यांचा बाजार एकदा उठला की त्याला व्याज लावता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, सकाळीच मजुरी आणि बाकी वाटली गेली. मग थोरल्यांनी बँकेत लेखी तक्रार दिली. तीत व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम लिहून वर पोच घेतली. १५ तारीख उलटली. १७ मार्चला, सोमवारी, रक्कम खात्यात परत जमा झाली. चलनाची मुदत पंधरा दिवसांची असल्याने तेच चलन वापरून त्याच दिवशी कर भरला आणि पावती कागदावर छापून घेतली.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, कार्डाने केलेल्या ऑनलाइन भरण्यात पैसे वजा होऊन पुढे पोच न मिळाल्यास ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावे लागतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते, तीही न मागता. या प्रसंगी रक्कम मुदतीत परत आल्याने भरपाईचा प्रश्नच नव्हता. नियमाने मुद्दल राखले. हुकलेली तारीख राखणे त्याच्या हातात नव्हते. उशिराचे व्याज झाले ४२० रुपये.

“चूक यंत्राची, व्याज आपण का सोसायचे?” धाकट्यांनी विचारले. थोरल्यांनी त्याच दिवशी वहीत ४२० रुपये करखर्चात मांडले, आणि विवरणपत्र भरताना ते भरलेही. “चूक कुणाची ते तक्रारअर्जात लिहिले आहे,” ते म्हणाले. “आता देणे कुणाचे, ते वहीत लिहितो.”

या उत्तरात अचौर्याचा एक सूक्ष्म अर्थ आहे. जे आपले नाही ते न घेणे हा व्रताचा पहिला भाग. जे आपल्याकडून जायचे आहे ते दुसऱ्याच्या खांद्यावर न ढकलणे हा दुसरा. व्यवहार अडला की त्याची झळ बहुधा सर्वांत गरजू माणसाकडे सरकवली जाते, कारण तो मागायला येत नाही. ४२० रुपयांची ती झळ दोन्ही भावांनी स्वतःच्या वहीत थांबवली.

सावधगिरीही व्रताचाच भाग आहे. दोन्ही दुकानांत आता कराचे पैसे वेगळ्या खात्यात राहतात आणि भरणा ५ मार्चलाच होतो, म्हणजे व्यवहार फसला तरी रक्कम परत येऊन पुन्हा भरायला दिवस उरतात. प्रत्येक भरण्यानंतर खात्याचा उतारा आणि चलनाची पावती एकत्र टाचली जाते. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी तक्रारीची पोच जपून ठेवावी. प्रतिक्रमणात दिवसाचे दोष आठवावेत, तसे वर्षअखेरीस हे कागद एकदा उलगडून पाहावेत.