तारेवरचं बोलणं

सत्तरीनंतर लॉजिक अॅनालायझर कशाला, असं आमच्या मासवणात कुणीही विचारेल. पण टाकीतलं पाणी मोजणारं माझं आर्डुइनो गप्प झालं, की मल्टिमीटर नुसते व्होल्ट दाखवतो. तारेवरून काय बोलणं चाललंय ते कळत नाही.

महागडा घ्यावा की साधा? हिशेब मांडला. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. माझ्या आर्डुइनोवर आयटूसीचा ठोका फार तर ४०० किलोहर्ट्झ. २४ मेगाहर्ट्झचा साधा अॅनालायझर तो एका ठोक्यात साठदा पाहतो. शिवाय पल्सव्ह्यू फुकट. व्होल्टेज किती घसरलं हे तो सांगत नाही, फक्त शून्य की एक. ते काम मल्टिमीटर करेल.

साधाच घेतला. उरलेलं पेन्शन हिच्या गुडघ्यांसाठी राखलंय. शिकायचं मात्र थांबवणार नाही. असो.