डायनिंग रूम कुणासाठी?

आपल्या समाजातला नोकरदार माणूस घर बांधायला घेतो तेव्हा इंजिनीअर हॉल, किचन आणि डायनिंग रूम न विचारताच नकाशावर काढतो. अभ्यासाची खोली मात्र मागावी लागते. मागितली की उत्तर येतं, "बजेटमध्ये बसत नाही." मग बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लागतो आणि पुस्तकं माळ्यावर जातात. हा क्रम आपण कधी तपासणार?

चंदगडला आम्ही घर बांधलं तेव्हा आमच्याकडेही बारा बाय दहाची डायनिंग रूम झाली. सागवानी टेबल, सहा खुर्च्या. पण रोजचं जेवण किचनमध्येच. वर्षाकाठी पाहुण्यांच्या चार-पाच पंगती सोडल्या तर ती खोली बंदच. आणि इकडे आमच्या वस्तीत दहावी-बारावीची पोरं एकाच खोलीत टीव्ही, चूल आणि आजारी आजी यांच्यामध्ये वही उघडून बसतात. चंदगडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. छप्पर गळतं, लाईट जाते, वही ओली होते.

म्हणून मी घरात विषय काढला, या खोलीची अभ्यासिका करू. विरोध केला तो अण्णांनी, माझ्या वडिलांनी. म्हणाले, "उभा जन्म लोकांच्या अंगणात, लांबून वाढलेलं जेवलो. आता स्वतःच्या टेबलावर बसतोय, तर ते पण काढून घेतोस?"

मित्रांनो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला पंगतीबाहेर बसवलं त्याच्यासाठी डायनिंग टेबल ही चैन नसते, तो हिशोब चुकता करणं असतं. पण याच कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायला जात. टेबल-खुर्च्या इतर हॉटेलांतही होत्या. महत्त्व होतं ते कुणाच्या हातचं कोण घेतो याला. अस्पृश्यता मोडली ती सोबत बसण्याने. मग टेबलाचा मान वाढवायचा असेल तर त्याच्याभोवती माणसं वाढवायला हवीत.

बाबासाहेबांच्या घरांकडे बघा. परळच्या डबक चाळीत एकच खोली होती, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप, तिथेच अभ्यास. सुभेदार रामजी मुलाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत, कारण तेव्हाच त्या खोलीत शांतता असे. पुढे ऐपत आल्यावर त्याच मुलाने दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. पैसा आला तेव्हा आधी कशासाठी खोली काढायची, याचं उत्तर त्यांनी विटा-चुन्यात देऊन ठेवलंय.

लंडनमध्ये १९२१-२२ साली ते राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. त्याचं स्मारक करायचं ठरलं तर तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. राहतं घर राहतंच असावं, हा मुद्दा. शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. खोलीचा वापर बदलायचा म्हटलं की भांडण आलंच, तिथेही आणि इथेही.

आमच्याकडचं भांडण सोडवलं बायकोने. ती म्हणाली, "त्या टेबलावर तुम्ही जेवता, मी फेऱ्या मारते. किचनमध्ये खाली बसून जेवलो तर मीपण सगळ्यांबरोबर जेवते." यावर ना माझ्याकडे उत्तर होतं ना अण्णांकडे.

टेबल विकलं नाही. त्याच्याभोवती आता रोज संध्याकाळी सहा ते नऊ मुलं बसतात. ताटांच्या कपाटात संविधान, शब्दकोश, एमपीएससीची पुस्तकं आहेत. इन्व्हर्टरची एक लाईन तिकडे ओढली आहे. डोक्याकडची खुर्ची अण्णांची. ते पेपर वाचतात आणि गोंगाट केला तर दम देतात.

नियम एकच. कुणीही यावं, पाणी सगळ्यांनी एकाच माठातलं प्यावं. सवर्ण घरातल्या एका आईने विचारलं, "आमचा मुलगा घरून बाटली आणेल, चालेल ना?" मी म्हणालो, "बाटली आणू दे, पण माठ इथून हलणार नाही." मुलगा येतो, बाटलीही आणतो. ती संपल्यावर मात्र तो माठाकडे वळतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, ते आपल्या घरात येऊन पोहोचलंय एवढंच.

तुमच्या घरातली कोणती खोली वर्षातले किती दिवस बंद असते, ते मोजा. आणि वस्तीतल्या किती पोरांना अभ्यासाला जागा नाही, तेही मोजा. एखादी खोली रोज तीन तास उघडायला ना कुणाचं अनुदान लागतं, ना ठराव. किल्ली आपल्याच खिशात आहे.

जय भीम!