आणखी दहाच मिनिटं

तुम्ही कधी वादळाच्या आदल्या दिवशी मासे पकडायला गेला आहात का? जाऊ नका, हे आधीच सांगून ठेवते. मी गेले होते. १५ मे २०२१, शनिवार.

शिमग्याला आजोळी देवबागला आले आणि लॉकडाऊनमुळे तिथेच अडकले. देवबाग म्हणजे मालवणजवळची जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांची भेट. आजीच्या पडवीत लॅपटॉप मांडून मी 'पावसाळ्यात घर कसं सजवाल' असले लेख लिहीत होते आणि शेजारच्या घरात माझी लहानपणची मैत्रीण वडिलांसोबत जाळी दुरुस्त करत होती. तिच्या वडिलांना मी काका म्हणते.

तौक्ते वादळ तेव्हा खाली केरळ-कर्नाटकाच्या समुद्रात होतं. हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल! आम्ही दोघी त्यावर खूप हसलो होतो. समुद्रात जाऊ नका, असा इशारा आला होता. सगळे आपापल्या होड्या समुद्राच्या बाजूने नदीत आणून बांधत होते.

"आता आठ दिवस मासे गावाचे नाय. थोडा गरवून येवया?" तिने विचारलं. माझा लॅपटॉप तेवढ्यात बंदही झाला होता.

काकांनी बोटांवर हिशोब केला. आज चतुर्थी, म्हणजे चार. चाराचे पाऊणपट तीन, आपल्याकडे भरती त्याच्या तासभर आधी. म्हणजे दोनच्या सुमारास पाणी फिरणार. "भरती फिरायच्या आत काठाक लागाक व्हया," एवढंच ते म्हणाले. भरती चढत असते तोवर पाणी होडीला नदीत आत ढकलतं. सुकती लागली की तेच पाणी मुखाकडे, म्हणजे समुद्राकडे ओढतं. आणि आमची जागा मुखाच्या बाजूलाच होती.

तिने होडी नांगरली, गरीला सुंगटं लावलं, शिसं बांधलेलं तंगूस पाण्यात सोडलं. मासा कसा ओळखायचा, ते मला अजून नीट जमत नाही. तिच्या बोटाला तंगूस नुसतं थरथरलं तरी कळतं. मला वाटतं मासा आहे, तर तो खडक असतो. पहिल्या तासात तिला दोन काळुंदर मिळाले, मला एक शेंगटी. शेंगटीचा काटा फार वाईट, म्हणून तिने मला हातही लावू दिला नाही. मी फोटो मात्र चार काढले.

सगळं फारच शांत होतं. उकाडा असा, की अंगावरचा कपडा चिकटलेला. पट्टीपलीकडून समुद्राची गाज मात्र रोजच्यापेक्षा जड येत होती. वारा नाही आणि लाटा मोठ्या, हे कसं, असं मी विचारलं. वादळ लांब असलं तरी त्याच्या लाटा आधी पोचतात, ती म्हणाली.

एकच्या सुमारास ती एकदम वर बघायला लागली. मे महिन्यात दुपारी वारा समुद्रावरून येतो. आज तो डोंगराकडून यायला लागला होता.

"वारो बघलंस?" ती म्हणाली आणि आपलं तंगूस गुंडाळायला लागली.

नेमकं तेव्हाच माझं तंगूस ओढलं गेलं. या वेळी खडक नव्हता. हाताला रेघ उमटेल एवढा जोर. तांबोशी असणार, मोठी. ती खाली कशात तरी शिरली आणि अडकून बसली. ना वर येईना, ना सुटेना. ती दोनदा म्हणाली, चल. मी दोन्ही वेळा तेच म्हटलं, "आणखी दहाच मिनिटं."

खरं तर दहाची वीस झाली. मग तिने काही न बोलता कोयती घेतली आणि तंगूस कापलं. मी रडकुंडीला आले होते. "मासो दुसरो गावतलो. होडी खंय गावतली?" एवढंच म्हणून तिने नांगर ओढला.

पाणी तोवर थांबलं होतं. थोड्याच वेळात ते फिरलं. वारा आडवा, पाणी उलटं. एरवी वीस मिनिटांत कापतो ते अंतर कापायला आम्हाला तासाहून जास्त लागला. मला वल्हवायची सवय नव्हती, मी एक हात मारायचे तोवर ती तीन मारायची. काका काठाकाठाने आमच्या बरोबरीने चालत होते. हाक नाही, ओरडा नाही. होडी टेकली तशी त्यांनी दोरी पकडली आणि मग ओरडले. तिच्यावर.

मी तिथेच उभी होते. ती म्हणाली नाही, की उशीर माझ्यामुळे झाला. मीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वादळ आमच्यासमोरून गेलं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मागच्या परसातला आंबा मुळासकट आडवा झाला. माडाच्या बुंध्याला बांधलेली काकांची होडी मात्र वाचली.

आठवड्याने, ते पडवीत बसलेले असताना, मी एकदाचं सांगून टाकलं, "काका, त्या दिवशी उशीर मी केला होता."

"माका म्हायत होता. तंगूस कोणी कापल्यान?"

"तिने."

"मगे झाला तर," ते म्हणाले आणि जाळं गुडघ्यावर पसरून पुढचं भोक शोधायला लागले.